मोनो की कलर, भाग ४ : अर्धी लेन्स झाकली तरी नेब्युला तेवढाच!

या मालिकेचा प्रश्न एकच: गच्चीवरून नेब्युलांचे, म्हणजे आकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे, फोटो काढायला मोनो (कृष्णधवल) कॅमेरा घ्यावा की कलर. आधी निकाल सांगून टाकतो, रडगाणं नंतर. शनिवारी रात्री सॅमयांग १३५ मिमी लेन्सच्या तोंडावर चुलतभावाच्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची चकती लावली, मधे ४८ मिमीचं भोक, म्हणजे एफ/२ ची लेन्स झाली एफ/२.८, आत येणारा प्रकाश निम्मा. त्याच ५ मिनिटांच्या सबमध्ये (एका सुट्या फोटोत) ताऱ्यांचा उजेड निम्मा झाला, आकाशाचं बॅकग्राउंड निम्मं झालं आणि हॉर्सहेड या काळ्या नेब्युलाच्या मागचा चमकत्या वायूचा पडदा (आयसी ४३४) जसाच्या तसा! तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजायला बायकोला उठवणार होतो पण मग विचार बदलला.

आता मागचं. ठाण्याच्या मित्राने महिनाभरासाठी त्याचा ५३३ मोनो कॅमेरा, पाच खणांचं फिल्टर व्हील आणि ३ एनएमचा एच-अल्फा फिल्टर (हायड्रोजनच्या लाल प्रकाशाभोवतीचा फक्त ३ नॅनोमीटरचा पट्टा सोडणारा) दिलाय हे गेल्या वेळी लिहिलंच होतं. माझा कलरही ५३३ च, चिप तीच, पिक्सेल तेच ३.७६ मायक्रॉनचे, लेन्स तीच, माउंट तोच, कोथरूडची गच्ची तीच आणि वरचं दुधाळ आकाशही तेच. म्हटलं याहून स्वच्छ तुलना कुठे मिळणार. कलरमध्ये चार पिक्सेलांतला एकच लाल, त्यामुळे एच-अल्फा फक्त तोच पकडतो, मोनोत चारही पकडतात. म्हणजे एका पिक्सेलमागे सिग्नल साधारण सारखा यायला हवा आणि असे पिक्सेल चौपट, हीच तर मोनोची सगळी जाहिरात असते.

मिळाला किती? माझ्या कलरवर ७ एनएमचा ड्युअल बँड (एच-अल्फा आणि ऑक्सिजनचा ओ-थ्री असे दोनच पट्टे सोडणारा फिल्टर) लावून लाल पिक्सेलवर जेवढा आयसी ४३४ येत होता, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे चौपटीची मजा सव्वापटीवर आली. गंमत अशी की पहिल्या दोन रात्री मला कळलंच नाही, कारण बॅकग्राउंड इतकं काळंभोर होतं की मी खुशीत होतो, वा काय काँट्रास्ट. स्टॅक केल्यावर (सगळे सब एकत्र केल्यावर) कलरच्या जुन्या स्टॅकशेजारी ठेवला तेव्हा चेहरा पडला.

मग सुरू झाली संशयितांची यादी. पहिला अर्थात फोकस. एफ/२ ला फोकसची चूक चालते ती सुमारे १० मायक्रॉन, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी, आणि तापमान दोन अंश उतरलं की सॅमयांग सरकते. बाह्टिनोव्ह मास्क (फोकस तपासायची जाळी) लावून दर वीस मिनिटांनी तपासलं, फोकस ठीक. मग दव. ड्यू हीटर चालू, काच कोरडी. मग गेन (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा ती सेटिंग), दोन्हीकडे १००. मग वाटलं व्हील चुकीच्या खणावर थांबतंय, उघडून पाहिलं, बरोबर थांबतंय. मग बॅकफोकस, म्हणजे लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर. कॅननच्या माउंटला ४४ मिमी लागतात, त्यातले २० व्हील खातं, साडेसहा कॅमेरा खातो, उरलेल्या साडेसतरात अ‍ॅडॉप्टर, आणि २ मिमी जाड फिल्टरची काच फोकस साधारण ०.७ मिमी मागे ढकलते ती वेगळी. कॅलिपरने मोजलं, सगळं जागच्या जागी. या सगळ्यात चार स्वच्छ रात्री गेल्या. जानेवारीतल्या चार स्वच्छ रात्री म्हणजे काय किंमत असते हे तुम्हाला सांगायला नको, जूनपासून चार महिने आपण छत्र्याच बघणार आहोत. त्यात एक रात्र संक्रांतीची, काउंटरवेटच्या दांड्याला कुणाचा तरी मांजा गुंडाळला होता.

खरी खूण फ्लॅट्सनी (लेन्सची असमान उजळणी पुसायला काढलेले एकसारख्या उजळ पॅनलचे फोटो) दिली, म्हणजे फ्लॅट्सनी दिली नाही हीच खूण. फ्रेम अशी लावलीय की हॉर्सहेड उजवीकडे खाली, एम७८ हा दुसरा नेब्युला मधे आणि बर्नार्ड लूप ही वायूची मोठी कमान डाव्या कडेला. फ्लॅट्स गुळगुळीत, कुठे काही दोष नाही, तरी कडेकडे लूप विरघळून जात होता. लाइट फॉल-ऑफ (कडेला कमी पडणारा उजेड) असता तर फ्लॅटने धुऊन निघाला असता. मग असं काय आहे जे नेब्युलाला दिसतं आणि फ्लॅट पॅनलला दिसत नाही?

उत्तर हातातच होतं. कलरवरचा ड्युअल बँड काढून ब्लोअरने धूळ उडवत होतो, स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली, आणि सहज तिरपा धरला. सरळ बघताना निळसर हिरवा दिसणारा प्रकाश तिरप्यात चक्क निळा झाला. हे आपण सगळ्यांनी शंभरदा पाहिलंय. थरांचे फिल्टर तिरपे केले की त्यांची खिडकी, म्हणजे ते सोडतात तो रंगांचा पट्टा, निळ्या बाजूला सरकते. पण एफ/२ च्या लेन्समधून येणारा प्रकाश म्हणजे तरी काय, कडेचा किरण फिल्टरवर १४ अंशांनी तिरपाच येतो की!

कागद घेऊन बसलो. या फिल्टरांचा परिणामी अपवर्तनांक २ धरला तर १४ अंशांना एच-अल्फाची खिडकी ४.८ एनएम सरकते. एफ/२.८ ला कडेचा किरण १० अंशांचा, शिफ्ट अडीच. एफ/४ ला ७ अंश, सव्वा. आता ३ एनएमच्या फिल्टरला मधल्या ६५६.३ एनएमच्या (हीच एच-अल्फाची जागा) दोन्ही बाजूंना दीड-दीडच एनएमची जागा असते. म्हणजे एफ/२ ला बाहेरच्या कड्यातून आलेला एच-अल्फा फिल्टरवर आपटून परत जातो, दार भलतीकडेच उघडलेलं असतं. आणि हे शिफ्ट भिंगाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे हिशोब सोपा आहे, ४.८ पैकी दीडच चालतं तर क्षेत्रफळाचा ३१ टक्के भागच कामाचा. मित्राचा फिल्टर मुळातच अर्धा एनएम निळ्याकडे झुकलेला असावा असा माझा अंदाज, कारण तसं धरलं की २१ टक्के येतात आणि माझे मोजलेले आकडे तेव्हाच जुळतात.

तारे आणि पुण्याचं एलईडीचं आकाश मात्र सगळ्या रंगांत सलग पसरलेलं, खिडकी कुठेही सरकली तरी तिच्यातून काहीतरी येतंच. फ्लॅट पॅनलचंही तेच, म्हणून फ्लॅट्स निरागस. म्हणजे लेन्सचं बाहेरचं कडं इतके दिवस मला फक्त तारे आणि प्रदूषण पुरवत होतं, नेब्युलाचा एक फोटॉनही त्यातून येत नव्हता. ते झाकलं तर बिघडणार काय? हे सुचलं संध्याकाळी साडेसातला, पत्रिका सापडली आठला. पुढचं वर सांगितलंच.

कुणी म्हणेल पुठ्ठा कशाला, अ‍ॅपर्चर रिंग फिरव. फिरवली होती, पूर्वी. नऊ पाती आहेत तिला, प्रत्येक ताऱ्याला अठरा काटे, हॉर्सहेडशेजारचा तेजस्वी तारा अल्निटाक तर दिवाळीतल्या भुईचक्रासारखा दिसतो. गोल भोक गोलच राहतं. फक्त पुठ्ठ्याची कड कात्रीने कापली की तिचे दोरे निघतात आणि ताऱ्यांना दाढी येते, त्यामुळे कटरने आणि कंपासानेच कापा. कायमचा उपाय म्हणजे स्टेप-डाउन रिंगा, ७७ पासून ४९ पर्यंत उतरवत न्यायच्या. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला स्टेप-डाउनऐवजी स्टेप-अप पाठवल्या आणि वर सांगतो "सर उलटी लावून बघा". शेवटी फोर्टातल्या एका जुन्या कॅमेऱ्याच्या दुकानात समोर बसून जोडून घेतल्या, काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. अशा वस्तू हातात धरूनच घ्याव्यात, माझं ठाम मत झालंय.

आणि एक बोनस. मोनोवर एल फिल्टर (सगळे दृश्य रंग सोडणारा) लावला की एफ/२ ला निळ्या ताऱ्यांभोवती जो फुगीरपणा यायचा, तोही २.८ ला जवळजवळ गेला. कलरमध्ये तो जांभळी किनार बनून दिसतो आणि आपण प्रोसेसिंगमध्ये पुसतो, मोनोत किनार नाही, ताराच जाड होतो. लेन्सचे दोष मोनो लपवत नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं (सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं).

तर आता मूळ प्रश्न, मोनो की कलर. लिहायला बसलो तेव्हा ठरवलेलं असं की कलर विकायचा, मोनो घ्यायचा, सोबत व्हील आणि पूर्ण एलआरजीबी (एल, लाल, हिरवा, निळा) फिल्टर. पण हे टाइप करता करता एम७८ कडे बघतोय आणि वाटतंय, हा रिफ्लेक्शन नेब्युला (ताऱ्यांचा उजेड परावर्तित करणारा), एच-अल्फात इथे काहीच नाही, त्याला निळा रंग हवा आणि तो माझ्या कलरने गेल्या महिन्यात पानशेतच्या मागच्या अंधारातून आधीच आणलाय. चिप एकच असल्यामुळे दोन्ही फ्रेम पिक्सेलला पिक्सेल बसतात. मग व्हील हवंय कशाला? कलर ठेवायचा अंधाऱ्या जागेसाठी, मोनो घ्यायचा गच्चीसाठी, त्याच्यासमोर एकच एच-अल्फा एका फिल्टर ड्रॉवरमध्ये. व्हीलचे पैसे वाचले, फिल्टर बदलला की फोकस बदल हे झंझटही गेलं. गच्चीवर एलचा तसाही उपयोग नाही, आकाशच उजेडाने भरलेलं.

आणि फिल्टर कुठला, तर इथेही उलटंच निघतंय. एफ/२.८ ला ७ एनएमच्या फिल्टरमधून नेब्युला पूर्ण येतो, अडीच शिफ्ट त्याच्या साडेतीनात बसतं. मित्राच्या ३ एनएमच्या तुलनेत सिग्नल अडीचपट आणि बॅकग्राउंड सव्वादोनपटीच्या थोडं वर, म्हणजे नॉइज (फोटोतली खरखर) दीडपट. कागदावर स्वस्तातला ७ जिंकतो! ३ एनएमचा माज एफ/५ च्या दुर्बिणीवर करावा. बाडर ही फिल्टर कंपनी खास एफ/२ साठी आधीच सरकवलेले फिल्टर बनवतं हे माहितीय, पण ते घेतले तर ते याच एका लेन्सला बांधले जाणार, आणि मला पुढे छोटी रिफ्रॅक्टर घ्यायचीय. ओ-थ्रीचं शिफ्ट थोडं कमी, एफ/२ ला ३.७, पण गच्चीवरून ओ-थ्रीच्या नादाला मी लागणार नाही.

एकाने मागे विचारलं होतं की मग लायका मोनोक्रोम किंवा पेंटॅक्सचा २०२३ चा मोनोक्रोम घेऊन दिवसाही फोटो का काढत नाहीस. लायकाचा २०१२ चा पहिलासुद्धा माझ्या गाडीच्या भावात होता, आणि यातल्या एकालाही कूलिंग नाही. पाच मिनिटांच्या सबला मला सेन्सर उणे दहावर लागतो.

मित्राचं किट रविवारी परत द्यायचंय. त्याआधी एक रात्र मिळाली तर ३४ मिमीची, म्हणजे एफ/४ ची चकती लावून बघणार आहे, हिशोबाने नेब्युला तेव्हाही जवळपास तेवढाच यायला हवा, आला तर गणित पक्कं. चकती कापून तयार आहे, ढगही तयार आहेत.

आणि हो, ७७-६७ ची रिंग लेन्सवर अडकलीय. आडवी बसलीय की थंडीने आवळलीय कळत नाही. रबरी हातमोजे घालून झालं, बुटाची लेस गुंडाळून ओढून झालं. कुणाकडे फिल्टर काढायचा पाना असेल तर सांगा, कोथरूड-कर्वेनगर कुठेही येऊन नेतो.