माळ्यावरच्या वस्तूंची ओळख पटवताना

वाईजवळच्या आमच्या गावी घराचं छप्पर उतरवायचं ठरलं आणि माळा रिकामा करण्याची वेळ आली. तांबं-पितळ मोडीत घालू, लाकूड बंबाला जाईल, असं घरात बहुतेकांचं मत. मी हट्ट धरला की वस्तू काय आहे ते कळल्याशिवाय काहीच घराबाहेर जायचं नाही. तेव्हा ते काम माझ्याकडेच आलं.

सुरुवातीला एकेक वस्तू आत्यापुढे धरून मी विचारायचे, ‘हे काय आहे?’ आत्या नव्वदीला टेकलेली. ती वस्तू उलटसुलट करायची आणि ‘असेल काहीतरी जुनं’ म्हणून बाजूला सारायची. तिला आठवत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मग ती तांब्याची वाटी निघाली. पातळ पत्र्याची, बूड गोल, बरोबर मधोमध बारीक भोक आणि भोकाभोवती पांढरट क्षार. पणजोबांपासून घरात भिक्षुकी, त्यामुळे हे अभिषेकपात्र, असं सगळे एका सुरात म्हणाले. मला ते पटेना. अभिषेकपात्र पिंडीवर टांगतात किंवा तिवईत बसवतात, आणि त्याची धार सलग पडावी लागते. हिला कड्या नव्हत्या, कड्या तुटल्याची खूणही नव्हती, आणि भोकातून उजेडसुद्धा जेमतेम दिसत होता.

भोक मोकळं करायला चुलतभावानं सुई मागितली, तशी आत्या एकदम म्हणाली, “सुई घालू नको रे! बाबा ओरडायचे. केस घालून साफ कर.”

का ओरडायचे, ते तिला सांगता येईना. पण मला तेवढं पुरलं. ज्या भोकाला सुईसुद्धा चालत नाही, त्याचं माप महत्त्वाचं असणार. न्हाणीतलं घंगाळ घासून पाण्यानं भरलं, वाटी अलगद वर सोडली आणि घड्याळ लावलं. वाटी तरंगत राहिली. भोकातून पाणी वर यायचं ते इतकं सावकाश, की बराच वेळ तळ नुसता ओलसर दिसत होता. मग पाणी चढत गेलं, कड पाण्याला टेकली आणि वाटी गपकन बुडाली. तेवीस मिनिटं होऊन गेली होती. अहोरात्राच्या ६० घटिका, म्हणजे एक घटिका २४ मिनिटांची. आमच्या हातात घटिकापात्र होतं!

वाटी बुडाल्याचा आवाज ऐकून आत्या घंगाळापाशी येऊन बसली. लग्नघरी बाबा असेच बसायचे, म्हणाली. सूर्यबिंब मावळताना वाटी पाण्यात सोडायची, बुडाली की रिकामी करून पुन्हा सोडायची, आणि मोजणी चुकू नये म्हणून दर वेळी एक सुपारी बाजूला काढायची. त्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. मुहूर्ताची सगळी भिस्त त्या भोकावर. ते जरा मोठं झालं की घटिका आखूड.

त्या दिवसापासून मी ‘हे काय आहे’ विचारणं सोडलं. त्याऐवजी विचारू लागले: हे कुठं ठेवलेलं असायचं? कुणाच्या हातात असायचं? आम्ही लहान असतो तर याला हात लावल्यावर कोण रागावलं असतं? नाव विसरलेलं असतं, पण रागावणं कुणी विसरत नाही.

एका पितळी वस्तूवर दोन मोर होते, खाली आडव्याउभ्या रेघांची खरबरीत बाजू, आणि हलवली की आत खडे वाजायचे. शिक्का म्हणावा तर रेघा मधोमध झिजून सपाट झालेल्या. शाईनं पितळ असं झिजत नाही. कुठं असायची, असं विचारल्यावर आत्यानं न्हाणीकडे बोट केलं. ती टाचा घासायची वज्री. पुढे पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले, तर तिथे नाना प्रकारच्या वज्र्या मांडलेल्या दिसल्या. अडकित्ते, दिवे, रोजच्या वापरातल्या असल्या वस्तू दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. त्या दालनांतून फिरताना मला भरून आलं.

लाकडी वस्तूंच्या बाबतीत आत्याचा उपयोग झाला नाही. जमीन वाट्यानं दिलेली, अवजारं वाटेकऱ्यांच्या हातची. बाहेरून नक्षी कोरलेला एक जड लाकडी पेला होता, तळाला तीन भोकं. शेजारच्या तात्यांना बोलावलं. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि तोंडानं काही सांगायच्या आधीच त्यांची उजवी मूठ वर गेली, बोटं सुटी होऊन दाणे सोडल्यासारखी हलू लागली. पेरणीच्या तिफणीचं चाडं! चाड्यात सोडलेलं बी तीन भोकांतून तीन नळ्यांत आणि नळ्यांतून जमिनीतल्या तीन ओळींत पडतं. भोकांच्या आतल्या कडा बी जाऊन जाऊन गुळगुळीत झाल्या होत्या. पेरणीला मूठ धरायची ती घरातल्या जाणत्या बाईनं, असं तात्या म्हणाले. मूठ कमी-जास्त सुटली की पीक कुठं दाट, कुठं विरळ.

स्वल्पविरामासारख्या लोखंडी पट्ट्या त्यांनीच ओळखल्या: बैलाच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन.

मापं तांदळानंच ओळखून दिली. लहान भांडं दोनदा ओतलं की त्याच्या वरचं भरायचं, तेव्हा चिपटं, मापटं आणि शेर असा क्रम लागला. चार शेरांची पायली मात्र सापडली नाही. १९५८ पासून दशमान वजनं येऊ लागली आणि ही मागे पडली. आत्यानं मापटं हातात घेतलं आणि ‘लाभ’ म्हणत पहिलं माप ओतलं, मग दोन, तीन. धान्य मोजताना पहिल्याला एक म्हणायचं नाही.

कुणी असा माळा उतरवत असेल तर कळकळीनं सांगते, ओळख पटेपर्यंत काही घासू नका. वाटीभोवतीचा क्षार चिंचेनं काढला असता, तर ती पाण्यातली वस्तू आहे हे कळायला फार वेळ गेला असता. घरातल्या थोरांना फोटोही दाखवू नका, वस्तूच हातात द्या. तात्यांची मूठ फोटो बघून उघडली नसती.

आता प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे: कुठं सापडली, कशासाठी वापरत, कुणी सांगितलं. मोडीत गेल्या त्या फक्त फुटक्या घागरी. छप्पर झालं की ओटीवर फळ्या ठोकून बाकीचं मांडायचं आहे. घटिकापात्र मात्र घंगाळासकटच ठेवणार, कारण नुसती वाटी पाहून उद्या कुणालाही ते अभिषेकपात्रच वाटेल.