तुम्ही विचारलंत म्हणून: पेटी कोणाची होती?

कुरिअरवाल्या पोरानं परवा पाकीट हातात देण्याआधी कानाशी हलवून पाहिलं. "काका, सीडी काय हो? अजून मिळतात?" पुतण्याही हेच विचारतो, शेजारचे विचारतात, बायकोनं मात्र विचारणं सोडून दिलंय. सगळं गाणं फोनवर असताना पैसे मोजून सीडी कशाला घ्यायची? दर वेळी मी "सवय हो" म्हणून निसटतो. आज नीट सांगतो.

आधी एक कबुली. मी सीडी आवाजासाठी घेत नाही. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिटांत, असा हिशेब १९८२ पासून चालत आलाय. तेवढाच बारीक आवाज आता काही ॲपही देतात. पुतण्यानं माझी परीक्षा घेतली: एकच बंदिश एकदा ॲपवर, एकदा सीडीवर, मी भिंतीकडे तोंड करून बसलेलो. पाचपैकी तीनदा चुकलो. तेव्हा सीडीच्या आवाजाच्या 'ऊबे'बद्दल बोलणाऱ्यांना मी लांबूनच नमस्कार करतो.

खरं कारण मला कळलं ते पुरात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही गावभागातले, त्यामुळे पुराची सवय आहे असा आमचा समज होता. धान्य, कागदपत्रं, देव, टीव्ही माडीवर नेले. गाण्याचं कपाट खालीच राहिलं, कारण २००५ ला पाणी त्या कपाटापर्यंत आलं नव्हतं. या वेळी ते कपाट बुडवून वर गेलं.

पाणी ओसरल्यावर घरात वीतभर गाळ. कॅसेटींचं काही उरलं नाही. फीत गाळानं एकमेकींना चिकटली होती. सीड्या मात्र आम्ही बादलीत बुडवून, भांड्यांच्या साबणाच्या पाण्यानं धुतल्या आणि पापड वाळत घालावेत तशा गच्चीवर सावलीत मांडल्या. पुसायची पद्धत आहे बरं का: गोल गोल नाही, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ. गोल पुसलं आणि ओरखडा पडला, तर तो मजकुराच्या, म्हणजे कोरलेल्या गाण्याच्या, गोल रेघेबरोबर धावतो आणि एका जागचं बरंच काही खाऊन टाकतो. आडवा गेला तर यंत्र सांभाळून घेतं. मजकूर विखरून आणि थोडा जादा लिहिलेला असतो, त्यातून हरवलेलं भरून काढता येतं. लोक खालच्या चकचकीत बाजूला जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात. उलट हवं. खाली १.२ मिलिमीटर जाड प्लॅस्टिक आहे, अॅल्युमिनियमचा पातळ थर आहे तो छापील बाजूला, नुसत्या लाखेसारख्या लेपाखाली. तो खरवडला की संपलं.

सव्वाशेच्या आसपास सीड्या होत्या. चार सोडून सगळ्या वाजल्या. मी खूश.

पण पुस्तिका गेल्या. डब्यात घातलेली ती चार-आठ पानांची पुस्तिका असते ना, तिचा लगदा झाला होता. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. गाणं वाचलं, कागद गेला, एवढंच.

मग एका रविवारी मिरजेचा मित्र आला. एका जुन्या मैफलीची सीडी लावली होती, संथ ख्याल, मधे एक जागा अशी की गायक थांबतो आणि पेटी ती जागा तशीच, पण किंचित हसून, परत देते. मित्र म्हणाला, "पेटीवर आप्पा जळगावकर." मी म्हटलं, "गोविंदराव पटवर्धन. हा खटका त्यांचाच." पैज लागली, किलोभर भडंगाची. पुस्तिका उघडायला हात गेला आणि रिकामा डबा हाती आला.

ॲप उघडलं. तिथं गायकाचं नाव, गायकाचा फोटो. रागाचं नाव होतं, तेही भलतंच. तबला कोण, पेटी कोण, मैफल कुठली, कुठल्या साली: काही नाही. आणि एकाच मैफलीचे तुकडे तीन वेगवेगळ्या संग्रहांत विखुरलेले.

हे दुखणं तसं जुनंच. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा तबकड्या छापायला हॅनोव्हरला जात. तिथल्या जर्मन माणसाला कोण गातंय ते कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी गायिकेनं "माय नेम इज गौहर जान" असं ठणकावून सांगितलेलं ऐकू येतं. मागे बसलेल्या सारंगीवाल्याला कुणी बोलू दिलं नाही. तीन मिनिटांच्या तबकडीत जागा नव्हती म्हणावं, तर फोनमध्ये कशाची अडचण आहे?

माझ्याकडे तीच सीडी असताना तीच सीडी मी दुसऱ्यांदा विकत घेतली. पुण्याहून, जुनी, डब्याला तडा गेलेली. परवाचं पाकीट तेच. चकती काढून बाजूला ठेवली, ती माझ्याकडे आहेच. पुस्तिका उघडली: संवादिनी (म्हणजे पेटीच), पुरुषोत्तम वालावलकर. दोघंही हरलो. भडंग निम्मे-निम्मे पैसे घालून आणलं आणि तिथंच संपवलं.

आता मी जुन्या सीड्या शोधतो त्या पुरात गेलेल्या पुस्तिकांसाठी. पुतण्याला हे वेड वाटतं. प्लेअरच्या ट्रेचा रबरी पट्टा दोनदा बदललाय, नव्या गाडीत सीडीला फटच नाही, हे सगळं मान्य.

त्या पुस्तिकेत एक फोटो आहे. गायकाच्या मागे दोन तंबोरे, एकामागे बांगड्यांचा हात, चेहरा अंधारात. तंबोऱ्यावर कोण, ते पुस्तिकेतही छापलेलं नाही. मित्रानं चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ भोपळ्याकडे आणि पट्टीवरच्या नक्षीकडे बघत राहिला.

"पोरगी कोण ते नाही सांगता येत," तो म्हणाला, "पण तंबोरा आमच्या गल्लीतला आहे. लावतोस पैज?"

मिरजेत जिथं तंबोरे घडतात त्या सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसाशी मी नाही लावली.