युनिट कमी, बिल जास्त

"युनिट कमी आलेत ना, मग बिल का वाढलं रे?" शेजारच्या काकूंनी जिन्यातच बिल हातात दिलं. बघितलं तर इंधन समायोजन आकार. वीज विकत घ्यायचा खर्च वाढला की तो नंतर आपल्याकडून वसूल होतो, वर परत १६ टक्के वीज शुल्क.

काकू म्हणाल्या, "पंचवटीतली भाजीवाली पण आधी भाव सांगते, मग तोलते."

खरंय की. विजेच्या दरावर निदान नियामक आयोगापुढे जनसुनावणी तरी होते, हरकत घेता येते (कोण जातं म्हणा), सिलिंडरचं तेही नाही, एप्रिल २०२५ मध्ये एका रात्रीत ५० रुपये वाढले, विषय संपला. पाइपच्या गॅसचा दर का वाढला हे नाशकात कुणाला आधी विचारलंय का कधी?