ढगाळ रात्र आणि फ्रेंडशिप शिखर

मनालीहून निघणाऱ्या मोहिमांमध्ये ५२८९ मीटर उंचीच्या फ्रेंडशिप शिखराला मोठी मागणी असते. पीर पंजाल रांगेतले हे शिखर ‘सोपे’ म्हणून ओळखले जाते आणि आता अटल बोगद्याच्या रस्त्यामुळे धुंडीपर्यंत गाडीने सहज पोचता येते, त्यामुळे डोंगरही तितकाच जवळ आला आहे असा अनेकांचा समज होतो. मी तेथे मार्गदर्शक म्हणून तुकड्या घेऊन जातो. जूनच्या पहिल्या आठवड्यातील अशाच एका तुकडीविषयी हे लिहीत आहे.

सहाही जण महाराष्ट्रातले होते, सह्याद्रीतले सुळके चढलेले होते आणि दोर हाताळण्यात माझ्या नेहमीच्या पाहुण्यांपेक्षा कितीतरी तरबेज होते. बकरथाचला मुक्काम करून, उंचीची सवय होण्यासाठी वर-खाली फेऱ्या मारून आम्ही लेडी लेग नावाच्या जागेच्या वर शेवटची छावणी लावली. कोणाचे डोके दुखत नव्हते आणि सगळ्यांच्या पोटात अन्न ठरत होते. रात्री एकला निघायचे, सकाळी नऊच्या आसपास माथा गाठायचा आणि ऊन तापण्याआधी तीव्र उतार मागे टाकायचे, असे ठरले होते.

साडेअकराला मी तंबूबाहेर आलो तेव्हा आकाशात एकही तारा दिसत नव्हता. वारा नव्हता, हिमवर्षाव नव्हता. ज्याला कोणीही चांगली रात्र म्हणेल अशीच ती होती. मी आइस ॲक्सचा, म्हणजे बर्फात वापरायच्या कुऱ्हाडीचा, दांडा बर्फात दाबला, तो मुठीपर्यंत सरळ आत गेला. खरे तर त्या वेळी तो दोन-चार बोटांवरच अडायला हवा होता. माझा सहकारी मनालीजवळच्या गावातला, माझ्यापेक्षा कितीतरी अधिक हंगाम पाहिलेला. त्याने बुटाची टाच आपटून पाहिली आणि काही न बोलता फावडे उचलले. आम्ही दोघे पहिल्या चढाच्या पायथ्याशी गेलो आणि गुडघाभर खड्डा खणला. वर बोटभर जाडीची पापडी होती. तिच्याखालचा बर्फ साखरेसारखा रवाळ आणि ओला होता; हातमोज्यात दाबला की पाणी निथळत होते आणि मूठ उघडली की कण सुटे होत होते.

निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतो, त्यामुळे हवा शून्याच्या किंचित वर असली तरी तो गोठू शकतो. ढग असले की तीच उष्णता परत फिरते आणि दिवसभर मुरलेले पाणी कणांमध्ये द्रवरूपातच राहते. तसा बर्फ तीस अंशांहून तीव्र उतारावर कशाच्या आधाराने टिकून आहे, हे बाहेरून सांगता येत नाही.

मी परत येऊन सांगितले, की आज निघायचे नाही. त्यांच्यातल्या सर्वांत अनुभवी आरोहकाने शांतपणे विचारले, “सर, वर थंडी जास्त असणार, तिथला बर्फ कडकच असेल ना?” प्रश्न योग्य होता आणि वरचा बर्फ कडक असण्याची शक्यता मलाही मान्य होती. पण परत येताना हेच खालचे उतार आम्हाला अकरा-बारा वाजता लागणार होते, म्हणजे रात्री न गोठलेला बर्फ आणखी चार-पाच तास उन्हात भिजल्यावर. सह्याद्रीच्या कातळावर पहाटे पकडलेली खोबण दुपारीही तशीच असते, इथे जाताना आणि येताना आपण एका डोंगरावर नसतो, असे मी म्हणालो. त्याने मान हलवली, पण बूट काढले नाहीत.

त्याच सुमारास शेजारच्या छावणीतली दुसरी तुकडी आमच्या तंबूंवरून वर गेली. त्यांच्या हेडटॉर्चची रांग चढावर सरकताना आमचे सहाही जण बाहेर उभे राहून पाहत होते. त्या वेळचा अबोला माझ्या वाट्याला नेहमी येतो. त्याची सवय होत नाही.

उजाडल्यावर मी सगळ्यांना छावणीजवळच्या सौम्य उतारावर नेले. बर्फात आडवा चर खणून त्यात आइस ॲक्स पुरायची आणि तिला दोर बांधून अँकर, म्हणजे दोराला पक्का आधार, तयार करायचा, हा सराव आम्ही आदल्या दिवशी वरच्या सावलीतल्या घट्ट बर्फात केला होता आणि तेव्हा चौघांनी ओढूनही ती हलली नव्हती. या वेळी तितकाच खोल चर खणला, माती चोपावी तसा बर्फ चोपून बसवला आणि तिघांना ओढायला लावले. ॲक्स आधी तिरकी झाली आणि मग समोरचा बर्फ कापत सगळी बाहेर आली. तिघे एकमेकांवर पडले. त्यांनी जागा बदलून पुन्हा करून पाहिले, तेव्हाही तेच झाले. कोणी घसरला तर आम्ही ज्याच्यावर भिस्त ठेवणार होतो, ते हे होते.

दुपारी दीडच्या सुमारास दुसरी तुकडी उतरली. सगळे सुखरूप होते आणि माथ्यावर पोचले होते. हिमस्खलन झाले नाही. मांडीपर्यंत भिजलेल्या त्या मुलांनी हनुमान टिब्बा हे शिखर मागे दिसणारी छायाचित्रे आमच्या पाहुण्यांना दाखवली, आणि आमच्यातल्या एकाने, सकाळचा सराव पाहिलेला असूनही, सरळ विचारले, “ते जाऊन आले, मग आपण का नाही?” मी त्याला एवढेच सांगितले, की मध्यरात्री माझ्यासमोर खड्ड्यातला बर्फ होता, ही छायाचित्रे नव्हती, आणि पुन्हा तसाच बर्फ लागला तर पुन्हा हेच सांगेन. त्यांच्या मार्गदर्शकाला मी दोष दिला नाही. त्याने वर काय पाहिले, कुठे दोर लावले, हे मला ठाऊक नव्हते. पण तो उतार टिकला म्हणून तो टिकणारच होता, असे मात्र मी मान्य केले नाही. पाहुण्याने वाद वाढवला नाही आणि पटले असेही म्हटले नाही.

राखीव दिवस आमच्याकडे नव्हता, परतीची तिकिटे ठरलेली होती, म्हणून दुसऱ्या सकाळी आम्ही धुंडीला उतरलो. उतरण्याआधीची ती रात्र मात्र लख्ख चांदण्यांची निघाली आणि पहाटे ॲक्सचे टोकही बर्फात जाईना. ते पाहून मला आदल्या रात्रीपेक्षा जास्त चुटपुट लागली. तेव्हापासून माझ्या कार्यक्रमपत्रिकेत शिखराच्या दिवसानंतर एक मोकळा दिवस असतो. त्याचा खर्च वाढतो, म्हणून चौकशी करणाऱ्यांपैकी बरेच जण पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच विचारतात आणि काही जण तेवढ्यावरून दुसरीकडे नाव नोंदवतात.