सातवी खिडकी

जुने घर पाहायला गेले की बुजवलेली दारे आणि मागाहून पाडलेल्या खिडक्या शोधत बसण्याची मला खोड आहे. लहानपणी आमच्या वाड्याला बाहेरून सात खिडक्या दिसायच्या आणि आतून मोजल्या तर सहाच भरायच्या. सातवी आजीच्या फडताळामागे आहे हे कळेपर्यंत मे महिन्याची अख्खी सुट्टी गेली होती. त्यामुळे इंग्लंडमधल्या विल्टशायरमध्ये लेकॉक ॲबी पाहायला गेलो, तेव्हा बरोबरची मंडळी चहाकडे वळली आणि मी भिंतीकडे.

हे मुळात घर नव्हतेच. सॉल्सबरीची काउंटेस एला हिने १२३२ मध्ये इथे नन्सचा मठ स्थापला. आठव्या हेन्रीच्या अमलात, १५३९ मध्ये, तो बंद झाला आणि विल्यम शॅरिंग्टनने विकत घेतला. त्याने चर्च पाडले, पण चौकाभोवतीच्या कमानदार ओवऱ्या तशाच ठेवून राहण्याच्या खोल्या वरच्या मजल्यावर थाटल्या. हा गृहस्थ पुढे ब्रिस्टलच्या टांकसाळीतल्या अफरातफरीत सापडला, तेव्हा ओवऱ्या राखण्यात रसिकता किती आणि काटकसर किती, याबाबत त्याला संशयाचा फायदा द्यायला मी तयार नाही.

दोनशे वर्षांनी, १७५० च्या दशकात, तेव्हाच्या मालकाला गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन घाटाची हौस आली. अस्सल मध्ययुगीन ओवऱ्या घरातच असताना त्याने सँडरसन मिलर या हौशी वास्तुकाराकडून नवा ‘जुना’ दिवाणखाना बांधून घेतला आणि त्याच्या कोनाड्यांत भाजक्या मातीचे पुतळे बसवले. सोने घरात असून मुलामा चढवलेले दागिने मिरवणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून मला नवल वाटले नाही.

मला पाहायची होती ती दक्षिणेची भिंत. ती मूळची पाडलेल्या चर्चची उत्तर भिंत. म्हणजे जिच्या आतल्या अंगाला प्रार्थना चालायची, तिच्यावर आता ऊन-पाऊस पडतो. या बाजूला घराचा पुढचा मालक आणि छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने १८२७ नंतरच्या काही वर्षांत बाहेर झुकलेल्या तीन खिडक्या काढल्या. त्याच्या छोट्या लाकडी कॅमेऱ्यांना बायको ‘उंदराचे सापळे’ म्हणे. असाच एक सापळा लावून त्याने ऑगस्ट १८३५ मध्ये मधल्या खिडकीची छबी कागदावर धरली. टपाल तिकिटाएवढी ती निगेटिव्ह आज उपलब्ध असलेल्यांत जगातली सर्वांत जुनी आहे. सहाशे वर्षांच्या वास्तूत त्याला टिपावीशी वाटली ती स्वतःच नुकतीच बसवलेली खिडकी! नव्या बाळाचा फोटो काढावा, तसे.

भिंगातून पाहिल्यास सुमारे दोनशे काचा मोजता येतात, असे त्याने निगेटिव्हच्या शेजारी लिहून ठेवले आहे. मग मीही खिडकीसमोर उभी राहून शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या त्या तिरप्या चौकटी ओठांतल्या ओठांत मोजू लागले. एकशे चाळीसपर्यंत आले असेन, तेवढ्यात फोटो काढायला आलेल्या एका आजोबांनी मला जरा बाजूला व्हायची विनंती केली.