मासळीच्या पेटीपासून अँब्युलन्सच्या फ्रीजपर्यंत : आमची वाटचाल

मूळ धंदा फ्रीज-एसी रिपेरिंगचा, रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदर जवळच त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक मच्छीवाले. २०१४ ला राज्यात १०८ ही सरकारी अँब्युलन्स सेवा सुरू झाली, मग प्रायव्हेट अँब्युलन्सवाल्यांकडून पण लोक जास्त अपेक्षा करायला लागले, आणि असाच एक गाडीवाला आला, म्हणाला भाऊ, इन्सुलिन नि ऑक्सिटोसिन (बाळंतपणातलं इंजेक्शन) ठेवायला काहीतरी बसवून द्या, थर्मासात बर्फ घालून किती दिवस ढकलू.

मासळीला बर्फ कितीही घाला, औषधाचं तसं नाही, २ ते ८ डिग्री म्हणजे २ ते ८च. इन्सुलिन एकदा गोठलं की फेकायचं, धनुर्वाताची लस पण तशीच, आणि वितळल्यावर बघून कळेलच असं नाही. म्हणून आईसपॅक फ्रीजरमधनं काढून थेट पेटीत टाकायचा नाही, थोडा वेळ बाहेर ठेवायचा, कानाशी हलवल्यावर आत पाणी नि बर्फ खळखळला की मगच. हे आम्ही प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात पॅक देऊन करून घेतो.

बाजारात १२ व्होल्टच्या स्वस्त पेट्या मिळतात त्या पेल्टियरवाल्या, म्हणजे कॉम्प्रेसर नाही, करंट दिला की एक बाजू गार होते ती चकती, बाहेरच्यापेक्षा साधारण वीसेक डिग्रीच खाली जातात, मग मे महिन्यात उन्हात उभी गाडी आतून ४५ झाली की पेटीत २५, काय उपयोग? महाग पडला तरी कॉम्प्रेसरवालाच घ्या. पण खरी डोकेदुखी बॅटरीची. गाडी बराच वेळ उभीच, इंजिन बंद, फ्रीज चालू, आणि कॉल आल्यावर सेल्फच लागला नाही तर? म्हणून फ्रीजला वेगळी डीप सायकल बॅटरी (बराच वेळ हळूहळू करंट देणारी), बॅटरी उतरली की फ्रीज आपोआप बंद करणारा लो व्होल्टेज कट-ऑफ, आणि स्टँडवर लाईटचं सॉकेट. आता जून लागला की लाईट जाणारच, तेवढ्यासाठी ५ डिग्रीच्या आसपास वितळणारे पीसीएम पॅक (बर्फासारखेच, वितळताना गारवा धरून ठेवणारे) आत ठेवतो. खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात म्हणून वायर कलईवालीच.

पावसाळ्यात फुरसं चावल्याच्या केसेस असतात, मग लोक म्हणतात सापाच्या इंजेक्शनसाठी मोठा फ्रीज द्या. अहो, पावडरवाली कुपी बऱ्याच कंपन्यांची फ्रीजशिवाय चालते, फक्त तापलेल्या गाडीत नको, लिक्विडला मात्र फ्रीज लागतोच. आधी लेबल वाचा, मग ऑर्डर द्या.

आता टेंपरेचरचा मेसेज मोबाईलवर येईल असा लॉगर (टेंपरेचर नोंदवत राहणारं यंत्र) बसवतोय. आंबा घाटात रेंज नाही, त्यामुळे रीडिंग साठवून ठेवतो आणि रेंज आली की सगळे मेसेज एकदम, कधीकधी रात्री दोनला. बायको वैतागलीय.