‘एस-थ्री’ म्हणजे काय? जर्मनीला जाण्याआधीचे माझे अकरा आठवडे

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर, विषयाच्या रकान्यात, “सोशिऑलॉजी एस-थ्री” आणि “सोशिऑलॉजी एस-फोर” एवढेच छापलेले आहे. वार्षिक पद्धतीत बी.ए. केलेल्यांना जी-टू, एस-वन ही भाषा पाठ असते. एस-थ्री म्हणजे विशेष स्तराचा तिसरा पेपर आणि आमच्या बाबतीत तो सामाजिक संशोधन पद्धतींचा होता, हे आम्हांला सांगावे लागत नाही. जर्मनीत बसून अर्ज तपासणाऱ्या माणसाला मात्र ते सांगावे लागते, आणि नुसते सांगून भागत नाही, विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी सांगावे लागते. 2025 च्या हिवाळी सत्रासाठी मी ग्योटिंगनला एम.ए.ला आले, त्या सगळ्या खटाटोपातले अकरा आठवडे या एका शिक्क्यात गेले. विद्यापीठाचे नाव लिहीत नाही. आमच्या गावाहून तिथे एसटीने अडीच तास लागतात, एवढे पुरे.

बाकीचे टप्पे सुरळीत पार पडले, त्यामुळे त्यांबद्दल थोडक्यात लिहिते. मी सगळे पेपर मराठीतून लिहिले होते, म्हणून इंग्रजी माध्यमाच्या प्रमाणपत्राचा प्रश्नच नव्हता आणि आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणे भाग होते. पदवीनंतर पाच वर्षे ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर एका संस्थेत काम केले होते, त्यामुळे हेतुपत्रात काय लिहावे हे शोधावे लागले नाही. शिफारसपत्रे दोन्ही सरांनी आठवड्यात दिली.

भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र 1 नोव्हेंबर 2022 पासून बंधनकारक झाले आहे. एपीएस हे दिल्लीतील कार्यालय तुमची पदवीची कागदपत्रे खरी आहेत का हे तपासते आणि मी अर्ज केला तेव्हा त्याचे शुल्क 18,000 रुपये होते. माझा हिशेब असा होता की जानेवारीत विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्रित उतारा, घ्यायचे, फेब्रुवारीत एपीएसचा अर्ज करायचा आणि एप्रिलमध्ये तीन अभ्यासक्रमांचे प्रवेश अर्ज भरायचे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी चलान भरून अर्ज दिला. पंधरा दिवसांनी ट्रान्सक्रिप्ट मिळाले, तेही वेळेवर. उघडून पाहिले तर तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका एका कागदावर उतरवलेल्या होत्या आणि त्यात एस-थ्री जसाच्या तसा होता. मी खिडकीवर परत गेले आणि पेपरांची पूर्ण नावे घालून मिळतील का, असे विचारले.

“मार्कलिस्टवर जे आहे तेच आम्ही देतो, ताई. आमच्या मनाने कसं लिहिणार?”

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि चीड आली ती नेमकी त्यामुळेच. पेपरांची नावे शैक्षणिक विभागाकडे असतात आणि तो विभाग दुसऱ्या इमारतीत होता. तिथल्या मॅडमनी सांगितले की अभ्यासक्रम संकेतस्थळावर आहे, तो काढून घ्या, पण बाहेरच्या प्रिंटवर आम्ही शिक्का मारत नाही. संकेतस्थळावर नव्या सत्र पद्धतीचा अभ्यासक्रम होता. माझ्या वर्षाच्या दुव्यावर कोरे पान उघडत होते. शेवटी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी माळ्यावरच्या गठ्ठ्यातून जुनी छापील पुस्तिका शोधून दिली. तिचे पुठ्ठे वाळवीने खाल्ले होते, आतली पाने मात्र शाबूत होती. त्यातल्या समाजशास्त्राच्या बेचाळीस पानांच्या झेरॉक्स काढून मी पुन्हा शैक्षणिक विभागात गेले. मॅडमनी पाने उलटून पाहिली, पुस्तिका खरी असल्याचे मान्य केले आणि टिपण लिहून साहेबांकडे पाठवते म्हणाल्या.

यानंतरचे पाच आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. साहेब रजेवर होते, मग बैठकीला होते, मग परीक्षांचा काळ सुरू झाला. फोन केला की “फाइल टेबलवर आहे” असे उत्तर मिळे. कोणाच्या टेबलवर, हे विचारले की फोन दुसऱ्या माणसाकडे जाई आणि तो मला पहिल्यापासून सगळे सांगायला लावी. मी चार वेळा प्रत्यक्ष गेले. चौथ्या खेपेला मॅडम म्हणाल्या की अशी काही फाइल त्यांच्या आठवणीत नाही. मी आवाज चढवला. तसे करू नये असे मी सगळ्यांना सांगते, पण त्या दिवशी चढवला, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

मार्ग दाखवला तो बाहेरच्या बाकावर बसलेल्या शिपाई मामांनी. त्यांनी विचारले, “अर्ज आवकला दिला होता का?” आवक म्हणजे आलेले कागद नोंदवून क्रमांक देणारा विभाग. मी अर्ज हातातच दिला होता. “मग कसा सापडेल? आवकला द्या, नंबर घ्या. हातात दिलेला कागद हरवतो, नंबर हरवत नाही.” मी त्याच दिवशी नवा अर्ज लिहिला, बेचाळीस पाने पुन्हा जोडली, पोच घेतली. पुढच्या फोनवर नुसता आवक क्रमांक सांगितला आणि पलीकडच्या माणसाने मिनिटभरात फाइल कोणत्या टेबलवर आहे ते सांगितले. नवव्या दिवशी प्रत्येक पानावर गोल शिक्का आणि आडवी सही असलेला गठ्ठा हातात पडला. त्यातल्या एस-थ्रीच्या पानावरचा शिक्का नेमका पेपरच्या नावावर बसला होता. सुदैवाने अक्षरे वाचता येत होती.

शिक्का मिळाला तरी एक पत्र बाकी होते. जर्मनीत आपले गुण त्यांच्या श्रेणीत बसवण्यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचे, तिनाने गुणायचे आणि एक मिळवायचा. तिथे 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. मला 64 टक्के होते. आमच्याकडे कला शाखेत 64 म्हणजे वर्गात पुढच्या बाकावरचे गुण, पण सूत्र हे ओळखत नाही. किमान उत्तीर्ण गुण 40 धरले तर माझी श्रेणी 2.8 येते. माझ्या तिन्ही अभ्यासक्रमांपैकी एकाची अट 3.0 किंवा त्याहून चांगली श्रेणी अशी होती. म्हणून “किमान उत्तीर्ण गुण 40” असे एका ओळीचे पत्र परीक्षा विभागाकडून हवे होते. पहिले पत्र शुद्ध, देखण्या मराठीत आले. दुसरे इंग्रजीत आले, आणि त्यात 40 च्या जागी 50 लिहिले होते. द्वितीय श्रेणीचा आकडा उत्तीर्णतेच्या जागी पडला होता. 50 धरले असते तर माझी श्रेणी 3.16 झाली असती आणि तो अर्ज उघडल्याबरोबर बाजूला गेला असता. मी एसटी स्टँडवर पोहोचेपर्यंत ते पत्र वाचले नव्हते. तिथून परत फिरले, पाच वाजायला दहा मिनिटे असताना खिडकी गाठली आणि तिसरे पत्र घेऊनच निघाले. याचा मला आजही अभिमान वाटतो.

तेव्हा कोणतेही पत्र खिडकीसमोर उभे राहूनच वाचावे, रांगेतल्या माणसांनी कितीही चुकचुकले तरी. ट्रान्सक्रिप्टचे किमान चार संच एकाच चलानात मागावेत. आणि जे अजून शिकत आहेत त्यांनी आपल्या वर्षाचा अभ्यासक्रम आजच उतरवून ठेवावा, कारण तो पुढच्या वर्षी संकेतस्थळावर असेलच असे नाही.

एपीएसचा अर्ज ठरल्यापेक्षा महिनाभर उशिरा, मार्चअखेर गेला, पण प्रमाणपत्र वेळेत आले. हायडेलबर्गला दक्षिण आशिया संस्था आहे, ती 1962 पासूनची. तिथे जाण्याची इच्छा होती, पण त्या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला 1,500 युरो शुल्क पडते. ग्योटिंगन ज्या राज्यात आहे तिथे ते नाही, फक्त सत्र वर्गणी भरावी लागते. माझ्यासारखीला निर्णय घ्यायला तेवढे पुरले. व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात 11,904 युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरो मिळतात. ते पैसे कर्ज काढून आणि आत्याच्या ठेवी मोडून उभे केले. समाजशास्त्राच्या वर्गात इरावती कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या हे शिकवले जाते. त्यांना कागद किती जोडावे लागले असतील, हा प्रश्न तेव्हा मला कधी पडला नव्हता.

एक सांगायचे राहिले. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते, शिवाय आईचे नाव वेगळे छापलेले असते, आणि पासपोर्टवर आडनाव व दिलेले नाव अशी दोन घरे असतात. अर्ज भरताना नाव पासपोर्टप्रमाणेच लिहावे आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे अक्षरन् अक्षर जुळवून पाहावे. माझ्या आडनावात एक “ए” कमी होता. त्याचे प्रतिज्ञापत्र तहसील कचेरीसमोरच्या टंकलेखकाकडे अर्ध्या तासात झाले, आणि साऱ्या प्रवासात जिथे मला कोणी “उद्या या” म्हटले नाही, ती जागा तेवढी एकच होती.